केमो मुंबईत, त्रास दिघीत: मोबाईलवर नोंद केली तरी ती वाचणार कोण?

दिघी : दिघी म्हटलं की सध्या बातमी येते ती बंदराची, औद्योगिक क्षेत्राची, रस्त्याची आणि जमिनीच्या भावाची. पण श्रीवर्धन, म्हसळा आणि खाडीपलीकडच्या मुरूड तालुक्यात आणखी एक गोष्ट घराघरांत चालू आहे, तिची बातमी होत नाही. कुणाच्या तरी घरातलं माणूस दर काही दिवसांनी फाईलची पिशवी घेऊन मुंबईला जातं, केमोची बाटली लावून घेतं आणि परत येतं. शेजाऱ्यांना माहीत असतं, पण मोठ्याने कुणी बोलत नाही.

पूर्वी कॅन्सर म्हणजे महिनोन् महिने दवाखान्यात पडून राहणं, असा समज होता. आता बऱ्याच रुग्णांना सकाळी सुई लावून संध्याकाळी सोडतात. पुढची तारीख अनेकदा एकवीस दिवसांनी असते. म्हणजे उपचाराचा एक दिवस दवाखान्यात आणि वीस दिवस घरी. उलटी, ताप, जुलाब, तोंड येणं, अंगातलं त्राण जाणं, हे सगळं त्या वीस दिवसांत होतं. डॉक्टर मात्र भेटतो एकविसाव्या दिवशी.

या वीस दिवसांसाठी आता मोबाईल ॲप निघाली आहेत. रुग्णाने रोज किंवा आठवड्याला आपला त्रास त्यात भरायचा. ताप किती, वेदना किती, जेवण गेलं का, झोप लागली का. परदेशात मोठ्या दवाखान्यांत ही पद्धत रुळली आहे, आपल्याकडेही तिची चर्चा सुरू आहे. प्रश्न असा की दिघीतल्या माणसाला याचा उपयोग काय? आणि उपयोग व्हायचा असेल तर आधी काय हवं?

अंतर नकाशावरचं आणि अंतर तापातलं

दिघीहून मुंबईला जायचे दोन मार्ग. एक बोर्ली पंचतन, म्हसळा, माणगाव करत महामार्गाने पनवेल. दुसरा जंगलजेट्टीने आगरदांडा, तिथून मुरूड, अलिबाग. कुठूनही जा, परळ गाठेपर्यंत पाच-सहा तास हातातून जातात. खारघरला टाटाचंच केंद्र आहे, ते अलीकडे पडतं, पण तिथेही उठून लगेच पोचता येत नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं रडगाणं गेल्या दशकभरात सगळ्यांनी ऐकलंय. पावसाळ्यात खाडी खवळली की फेरीचा भरवसा नसतो.

धडधाकट माणसाला हा प्रवास नकोसा होतो. केमो घेतलेल्या माणसाला रात्री ताप भरला तर घरातले हिशेब लावत बसतात. गाडी सांगायची का? सांगितली आणि तिथे नुसती गोळी देऊन परत पाठवलं तर? आणि नाही सांगितली, काही झालं तर? हा निर्णय घरातल्या माणसांनी रात्री दोन वाजता अंदाजाने घ्यायचा असतो. लक्षणांची नोंद ही या अंदाजाच्या जागी काहीतरी ठोस असावं म्हणून आहे.

ताप हा साधा ताप नसतो

केमोची औषधं कॅन्सरच्या पेशी मारतात, त्यासोबत रक्तातल्या चांगल्या पांढऱ्या पेशीही कमी करतात. या पेशी म्हणजे अंगाची राखण. बऱ्याच औषधांत केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान त्या सगळ्यात कमी होतात. त्या दिवसांत जंतुसंसर्ग झाला तर अंगाला झुंज देता येत नाही. म्हणून १००.४ फॅरनहाईट, म्हणजे ३८ सेल्सियस ताप हा केमोच्या रुग्णासाठी तातडीचा इशारा मानतात. त्याच माणसाला केमो नसता तर घरच्यांनी काढा देऊन झोपवलं असतं. केमोत मात्र काही तासांत अँटिबायोटिक सुरू होणं गरजेचं असू शकतं.

आता यात नोंद कुठे येते? केमो कोणत्या तारखेला झाला, आज कितवा दिवस, ताप कधी चढला, किती होता, तापाची गोळी घेतली का. या पाच गोष्टी फोनवर सांगता आल्या तर पलीकडचा डॉक्टर एका मिनिटात ठरवू शकतो. “कालपासून अंग तापलंय, बरं वाटत नाही” एवढंच सांगितलं तर त्यालाही अंदाजच करावा लागतो.

सोसायची सवय

आपल्या भागात दुसरी अडचण आहे ती स्वभावाची. दर्यावर जाणारा माणूस आणि शेतात राबणारी बाई, दोघांनाही दुखणं सांगायची सवय नाही. डॉक्टरने विचारलं “कसं आहे?” तर उत्तर येतं “बरं आहे.” आधीच गर्दी, नंबर लागायला वेळ, डॉक्टर घाईत, मग आपलं रडगाणं कशाला, असं रुग्णाला वाटतं. काहींना भीती असते की त्रास सांगितला तर केमो थांबवतील. बायकांचं तर आणखी वेगळं. लघवीचा, अंगावर जाण्याचा, छातीच्या जखमेचा त्रास मुलासमोर किंवा दिरासमोर बोलायचा कसा?

आणि वीस दिवसांपूर्वीचं आठवतही नाही. तिसऱ्या दिवशी झालेल्या दहा उलट्या एकविसाव्या दिवशी “थोडं मळमळलं होतं” एवढ्याच उरतात. डॉक्टर तेच लिहितो आणि पुढचा डोस तसाच चालू राहतो. हे फक्त आपल्याकडचं नाही. जगभर दिसून आलंय की रुग्णाला जेवढा त्रास होतो, त्यापेक्षा कमी त्रास डॉक्टरच्या कागदावर पोचतो.

अभ्यासात काय दिसलं

अमेरिकेत न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात २००७ ते २०११ दरम्यान ७६६ रुग्ण एका अभ्यासात घेतले. सगळ्यांचा कॅन्सर पसरलेला होता आणि केमो चालू होता. काही रुग्णांना नेहमीसारखंच तपासलं. बाकीच्यांनी बारा नेहमीच्या त्रासांची नोंद कॉम्प्युटरवर करायची होती. त्रास वाढला की नर्सला आपोआप संदेश जायचा.

२०१७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. नेहमीच्या पद्धतीतले निम्मे रुग्ण २६ महिन्यांपेक्षा जास्त जगले. नोंद करणाऱ्यांत हाच आकडा ३१.२ महिने होता. पाच महिन्यांचा फरक, तोही कोणतं नवीन औषध न देता. तातडीने दवाखान्यात धाव घेणारेही नोंद करणाऱ्या गटात कमी होते, ४१ टक्क्यांच्या जागी ३४ टक्के.

या अभ्यासातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली, ज्यांना आधी कॉम्प्युटरची सवय नव्हती त्यांना फायदा जास्त झाला. म्हणजे “हे शिकलेल्यांचं काम, आपल्याला काय जमणार” असं म्हणायचं कारण नाही. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. नर्सला गेलेल्या दर चार इशाऱ्यांपैकी साधारण तिनांवर नर्सने प्रत्यक्ष काहीतरी केलं. फोन करून समजावलं, औषध बदललं, केमोचा डोस कमी करायला डॉक्टरला सांगितलं किंवा रुग्णाला बोलावून घेतलं. नुसत्या बटण दाबण्यातून हे झालं नसतं.

पुढे अमेरिकेतच ५२ ठिकाणच्या कॅन्सर दवाखान्यांत अशीच पद्धत तपासली. तिथे रुग्णांचा त्रास कमी झाला, हिंडण्याफिरण्याची ताकद टिकली, तातडीने दवाखान्यात जायची पहिली वेळ लांबली. पण आयुष्य वाढल्याचं मात्र स्पष्ट दिसलं नाही. म्हणून कुणी “ॲप वापरा, आयुष्य वाढवा” असं विकत असेल तर सावध राहा. त्रास कमी होतो, हे जास्त खात्रीने सांगता येतं. आणि तेही काही लहान नाही.

मराठीत विचारायची पद्धत जुनीच

रुग्णाला त्याच्या भाषेत विचारणं ही अमेरिकेची मक्तेदारी नाही. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं. तिथल्या डॉक्टरांनी स्तनाच्या कॅन्सरच्या भारतीय रुग्ण बायकांसाठी युरोपातली एक प्रश्नावली हिंदी आणि मराठीत तपासून घेतली, तो अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तीस प्रश्न. लांब चालताना त्रास होतो का, झोप लागते का, भूक मेली का, मळमळतं का, चिडचिड होते का, आणि आजारपणामुळे पैशाची ओढाताण झाली का. बहुतेक प्रश्नांना उत्तरं चारच, अजिबात नाही ते खूप.

म्हणजे मराठी माणसाला त्रास मोजून सांगता येतो, हे वीस वर्षांपूर्वी परळलाच तपासलं गेलं. तेव्हा कागद होता, आता मोबाईल आहे. अडचण भाषेची किंवा अकलेची नाही. ते उत्तर रोज कुणाकडे जाणार, एवढीच आहे.

आपल्याकडे काय आहे, काय नाही

देशात २०२२ मध्ये कॅन्सरचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण सापडल्याचा जागतिक अंदाज आहे. देशातल्या कॅन्सर रुग्णालयांना जोडण्यासाठी २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड उभी राहिली, आज तिच्यात ३०० हून जास्त संस्था आहेत. तिच्याच अंतर्गत २०२२ मध्ये कोइटा सेंटर फॉर डिजिटल ऑन्कॉलॉजी सुरू झालं. कॅन्सर रुग्णालयांचं काम कागदावरून कॉम्प्युटरवर आणणं आणि नवं तंत्र वापरात आणणं हा त्याचा हेतू. ‘नव्या’ नावाच्या ऑनलाईन सेवेतून रिपोर्ट पाठवून टाटाच्या तज्ज्ञांचं मत घेता येतं. पण इथे घोळ करू नका. ‘नव्या’ ही उपचार कोणता घ्यावा याचा सल्ला आहे. रात्रीच्या तापाची नोंद बघायला ती नाही.

गावपातळीवर आपल्याकडे आशा आहे, उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणजे सीएचओ आहे, ई-संजीवनीवरून मोठ्या डॉक्टरशी व्हिडिओवर बोलायची सोय आहे. तिशीपुढच्या लोकांची तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी करायचं काम याच यंत्रणेकडे आहे. म्हणजे कॅन्सर सापडेपर्यंत यंत्रणा गावात आहे. सापडला की रुग्ण मुंबईला जातो आणि गावातल्या यंत्रणेच्या वहीतून जणू नाहीसा होतो. तो केमो घेऊन परत आलाय, आज त्याचा नववा दिवस आहे, हे प्राथमिक आरोग्य केंद्राला कुणी कळवत नाही.

ही दरी खरी. मच्छीमारांना हे लगेच कळेल. बोटीवर वायरलेस कितीही भारी असला आणि बंदरावर ऐकणारा कुणी नसला, तर नाखव्याने ओरडून काय होणार?

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रं काढायची घोषणा झाली. आपल्यासाठी जिल्हा रुग्णालय म्हणजे अलिबाग. जंगलजेट्टीने गेलं तर दिघीकरांना ते मुंबईच्या मानाने पुष्कळ जवळ. तिथे नुसती केमोची खाट न ठेवता एक नर्स आणि एक फोन फक्त घरी असलेल्या रुग्णांसाठी ठेवला, तर लक्षणांची नोंद वाचणारं माणूस जिल्ह्यातच मिळेल. खाटांपेक्षा हा खर्च किरकोळ आहे. पण मागणी केल्याशिवाय असली गोष्ट आराखड्यात येत नाही.

फोन कुणाच्या हातात?

आपल्या घरांत स्मार्टफोन आहेत, पण आजारी माणसाच्या हातात असतोच असं नाही. फोन मुलाकडे, मुलगा कामावर. कित्येक घरांत मुलगा मुंबईला किंवा आखातात, आणि आईची तब्येत तोच व्हॉट्सॲपवर विचारतो. यातला चांगला भाग असा की नोंद ठेवणारं माणूस तयारच आहे. वाईट भाग असा की आई मुलाला काळजी नको म्हणून त्यालाही “बरं आहे” हेच सांगते.

म्हणून नोंद करणारं माणूस रुग्णाने निवडावं. बाईच्या त्रासाची नोंद सून, मुलगी किंवा बहीण ठेवू शकेल. लिहिता येत नसेल तर मराठीत बोलून व्हॉइस मेसेज करता येतो. तोही नोंदच आहे, त्यावर तारीख आणि वेळ आपोआप पडते.

नेटवर्कचंही बघायला हवं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात या किनाऱ्यावर वीज आणि मोबाईल कित्येक दिवस बंद होते. म्हणून नुसतं मोबाईलवर विसंबू नका. साधी वही हवीच.

ॲप घेण्याआधी चार प्रश्न

पहिला प्रश्न, हे ॲप तुमच्या दवाखान्याने सांगितलंय की जाहिरातीत दिसलं? दुसरा, तुम्ही भरलेली माहिती कोण बघतो आणि किती वेळात? कुणीच बघत नसेल तर ती तुमची डायरी आहे, उपचार नाही. ताप भरून ॲपच्या उत्तराची वाट बघत बसू नका. तिसरा, ते मराठीत आहे का? चौथा, माहिती जाते कुठे? आजाराची माहिती ही पैशाची गोष्ट झाली आहे. २०२३ मध्ये देशात डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण कायदा झाला म्हणून प्रत्येक ॲप सरळ झालं असं नाही. संपर्क यादी, फोटो आणि आधार मागणारं, वर काढे आणि गोळ्या विकणारं ॲप असेल तर सरळ काढून टाका.

मोबाईलवरच्या चॅटबॉटला विचारायची पद्धतही वाढली आहे. शब्दाचा अर्थ समजून घ्यायला ठीक. पण ताप आहे, डोस थांबवू का, हे त्याला विचारायचं नाही. ते तुमच्या दवाखान्यालाच विचारायचं.

आजपासून करता येईल असं

ॲप येईल तेव्हा येईल. तोवर शंभर पानी वही आणि थर्मामीटर पुरतो. वहीच्या पहिल्या पानावर रुग्णाचा फाईल नंबर, आजाराचं नाव, औषधांची नावं, केमोच्या तारखा आणि दवाखान्याचा फोन नंबर. सुट्टी देताना “रात्री त्रास झाला तर कुठे फोन करू?” हे विचारून नंबर लिहूनच घ्या. न विचारता बाहेर पडू नका.

मग रोज एक ओळ. केमोनंतरचा कितवा दिवस, ताप किती, उलट्या किती, जुलाब किती, पाणी आणि जेवण किती गेलं, तोंडात फोड आहेत का, हातापायाला मुंग्या येतात का. वेदनेला शून्य ते दहा असा आकडा द्या. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन न होणारी. आठवड्याने त्या पानाचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा. पुढच्या तारखेला डॉक्टरसमोर “बरं आहे” म्हणायच्या ऐवजी ते पान उघडून ठेवा.

पुढच्या गोष्टी झाल्या तर नोंद करत बसायचं नाही, लगेच फोन करायचा आणि निघायचं:

- ताप १००.४ किंवा जास्त, किंवा थंडी वाजून अंग थरथरणं. विचारल्याशिवाय गोळी देऊन ताप झाकू नका.
- दम लागणं, छातीत दुखणं.
- कुठूनही न थांबणारं रक्त.
- पाणीसुद्धा पोटात न टिकणं, लघवी खूप कमी होणं.
- माणूस गोंधळल्यासारखं बोलणं, जास्त झोपाळणं.
- पाठीत जोराची कळ आणि पायातली ताकद जाणं.

अशा वेळी १०८ ला फोन करा. मुंबई लांब असेल तर आधी जवळचं सरकारी रुग्णालय गाठा आणि पोचल्याबरोबर “केमो चालू आहे, आज अमुक दिवस आहे” हे पहिलं वाक्य बोला. वही दाखवा. तिथल्या डॉक्टरला मुंबईच्या डॉक्टरशी बोलायला सांगा. सल्ल्यासाठी १०४ हा आरोग्य विभागाचा नंबर आहे.

ज्यांना रोज लिहिल्याने उलट धास्ती वाटते, त्यांनी ते काम घरच्या दुसऱ्या माणसाकडे द्यावं. आजारी माणसाने दिवसभर स्वतःला मोजत बसावं असा याचा अर्थ नाही. पाच मिनिटांचं काम आहे.

ग्रामसभेत मांडायचा मुद्दा

बंदराला रस्ता मिळतो, कारण त्याची मागणी लावून धरणारे आहेत. केमोवरून आलेल्या माणसासाठी मागणी लावणारं कुणी नाही, कारण घरचे दमलेले असतात आणि आजार लपवायची पद्धत आहे. मागणी मात्र साधी आहे. केमो घेऊन परतलेल्या रुग्णाची, त्याच्या संमतीने, प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंद व्हावी. सातव्या ते चौदाव्या दिवसात आशा किंवा सीएचओने दोन फोन तरी करावेत. श्रीवर्धन, म्हसळा आणि मुरूडच्या सरकारी रुग्णालयांत केमोच्या तापाचा रुग्ण आला तर पहिल्या तासात काय करायचं, याचा कागद भिंतीवर असावा. आणि अलिबागला रुग्णांचे फोन घेणारं एक माणूस असावं.

यातलं एकही काम कोट्यवधींचं नाही. पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हे घालायला एक लेखी अर्ज पुरतो.